बाबा, कोबा अजून ओला होता

श्टुटगार्ट

ती. बाबा आणि सौ. आईस,
सा. न.

रविवारी फोनवर बाबा म्हणाले, ‘कोबा होऊन तीन महिने झाले, अजून फरशी नाही? तिकडचे गवंडी संपावर आहेत का?’ तेव्हा हसून सोडून दिलं, पण ते डोक्यात राहिलं. म्हणून सविस्तर लिहितेय.

बैठकीची आणि झोपायच्या खोल्यांची जमीन बिल्डरने करून दिली. कपडे धुण्याची खोली आणि घर गरम ठेवणारा हीट पंप, गरम पाण्याची टाकी वगैरे असलेली खोली मात्र आम्हीच करारातून काढली. म्हटलं, तेवढे पैसे वाचतील, दोन खोल्या आपण घरी करू. तिथे नुसता राखाडी कोबा आहे, इथे त्याला एस्ट्रिश म्हणतात. झाडावं तितकी धूळ निघते. मोजे काढले की तळवे पांढरे!

बाबा, हा आपल्या वाईच्या पडवीतल्या लाल कोब्यासारखा घोटलेला नाही. खाली थर्माकोलसारख्या पाट्या, त्यावर प्लॅस्टिकचा कागद आणि त्यावर साडेसहा सेंटिमीटर सिमेंट-वाळू. भिंतीला तो कुठेही चिकटलेला नाही, कडेने सगळीकडे फोमची पट्टी आहे. म्हणजे अख्खी लादी तरंगतीच. खाली प्लॅस्टिक, त्यामुळे आतलं पाणी फक्त वरूनच जाणार. तुम्ही साइटवर 28 दिवस पाणी मारून घ्यायचात ते मजबुतीसाठी. इथेही मजबुती तेवढ्यात येते, पण पाणी बाहेर पडायला त्याहून जास्त वेळ लागतो. वरून हात लावला तर खडखडीत कोरडं.

हे कळायच्या आधीच मी एक उद्योग करून बसले होते. टाकीच्या खोलीत रंग मारला. दुकानातून फ्लोअर पेंटचा डबा आणला, झाडून घेतलं आणि दोन हात दिले. वर सिमेंटची जी पातळ साय जमते ती घासून काढायची असते, ते डब्यावर लिहिलेलंही होतं. वाचलं कुणी? पंधरा दिवसांनी तिथलं जड खोकं सरकवलं तर त्याच्या कोपऱ्याला रंगाचा ताव चिकटून आला, दुधावरची साय निघावी तसा. मागे भुरभुरीत पावडर. आई, तू असतीस तर एवढंच म्हणाली असतीस, ‘घाई नडली.’

मग शहाणपण सुचलं आणि ओल मोजणाऱ्या माणसाला बोलावलं. बाबा, हे तुम्हाला बघायला आवडलं असतं. छिन्नीने खालच्या थरापर्यंतचा तुकडा काढला, खलात कुटला, तोलून 50 ग्रॅम घेतला आणि पोलादी बाटलीत टाकला. बरोबर चार-पाच पोलादी गोळ्या आणि कार्बाइडची काचेची कुपी. होय, आपल्याकडे चोरून आंबे पिकवतात तेच कार्बाइड! बाटली हलवली की कुपी फुटते, कार्बाइडला ओल मिळाली की गॅस होतो आणि झाकणावरचा काटा चढतो. जितकी ओल, तितका दाब. सिमेंटच्या कोब्याला, खाली गरम पाण्याचे पाइप नसतील तर, 2 टक्क्यांच्या आत यायला हवं. आमचं आलं 2.8. त्याने खांदे उडवले आणि बिल दिलं.

मग भाड्याने ओल ओढणारं मशीन आणलं. रोज सकाळी त्याची टाकी मोरीत ओतताना वाटायचं, एवढं पाणी या दगडात होतं? परवा पुन्हा मोजलं, 1.9.

आता बेत असा. टाकीच्या खोलीत जुना रंग मशीनने घासून काढायचा, व्हॅक्यूमने धूळ ओढायची आणि दोन भाग मिसळायचा इपॉक्सी रंग मारायचा. कालवल्यावर अर्ध्या तासात घट्ट होऊ लागतो म्हणे, म्हणून दोघांनी मिळून. धुण्याच्या खोलीत मात्र टाइल्सच. मशीन हादरतं, साबण सांडतो, तिथे रंग टिकणार नाही. कडेची फोमची पट्टी टाइल्सचे सांधे भरून झाल्यावरच कापायची. आधी कापली तर फटीत माल जातो आणि तरंगती लादी भिंतीला धरते.

आई, तुला एक आत्ताच सांगून ठेवते. उन्हाळ्यात येशील तेव्हा धुण्याच्या खोलीत बादलीभर पाणी ओतून खराट्याने धुवायचं नाही. तिथे ना ढाळ आहे, ना जाळी. पाणी भिंतीच्या कडेने खाली उतरलं तर वर्षभर बाहेर येणार नाही. ओल्या फडक्याने पूस, तेवढं पुरे. मला माहीत आहे, तुला ते पुसल्यासारखं वाटणार नाही.

बाबा, एकच अडलंय. टाकीच्या खोलीत रंगच असल्याने तिची जमीन पॅसेजच्या लाकडी जमिनीपेक्षा दीड सेंटिमीटर खाली राहते. उंबऱ्याशी अॅल्युमिनियमची उतरती पट्टी लावू, की कडप्प्यासारखी दगडाची एक चीप बसवू? रविवारी फोन करायच्या आधी विचार करून ठेवा.

तुमची,
मनू

ता. क. आई, मोज्यांचा तळ काळाच नाही, पांढराही होतो, आणि तो कशानेच निघत नाही. काही उपाय असला तर सांग.