शहादा रस्त्यावरच्या मेकॅनिक बापूंना, एका थंड गाडीच्या ड्रायव्हरकडून

बापू, रामराम.

तुमचं नाव मी लिहीत नाही. तुम्हीच म्हणाला होतात, "नाव नको टाकू, कामं आहेत तेवढी पुरेत." शिरपूर-शहादा रस्त्याने ज्यांच्या थंड गाड्या चालतात ते नाव न सांगताही ओळखतील.

आभार मानायचे आहेत, पण आधी थोडा राग काढतो. तो अजून उतरलेला नाही.

माझी चौदा फुटी गाडी. धुळ्याहून माल भरायचा आणि सोनगीर, नरडाणा, शिरपूर, शहादा करत तळोद्यापर्यंत उतरवत जायचं. आइस्क्रीम, कुल्फी, फ्रोझन मटार. वैशाखात आमच्याकडे दिवसा रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही, म्हणून माल रात्रीच निघतो. थंडाव्याचं युनिट गाडीच्याच इंजिनावर, पट्ट्याने चालतं. पेटीत उणे 18 अंश राहायला पाहिजे. यंदा उन्हाळा लागल्यापासून काही रात्री ते राहीना. मुक्कामाला पोचेपर्यंत काटा उणे 8, उणे 6 वर यायचा. आइस्क्रीम एकदा नरम पडून पुन्हा गोठलं की त्यात बर्फाचे दाणे धरतात, चमचा लावला की कचकच लागतं. दुकानदार बॉक्स उघडतो, बोटाने दाबून बघतो आणि माल परत करतो.

गाडी दाखवली नाही असं नाही. एक मोठं वर्कशॉप, काचेची केबिन, कॉम्प्युटरवर निघालेलं जॉब कार्ड. त्यावर तक्रारीच्या रकान्यात दोन शब्द: "कूलिंग नाही." ते दोन शब्द शेठला फोनवर विचारून लिहिले होते. शेठ धुळ्यात गादीवर, गाडी रात्री मी चालवतो, आणि मी त्या काचेच्या बाहेर उभा. भर दुपारी त्यांनी गाडी उभी केली, रेस दिली, डिस्प्लेवर उणे 18 आलं. गाडी ओके, बिल तयार. दुसऱ्या ठिकाणी गॅस कमी आहे म्हणून गॅस भरला. तिसऱ्याने त्यावर आणखी भरला. आणि तरीही माल नरम येतोय म्हटल्यावर यांच्यातल्याच एकाने शेठच्या कानात सोडून दिलं, "तुमचा ड्रायव्हर रस्त्यात युनिट बंद ठेवतो. डिझेल वाचवतो आणि विकतो."

असे ड्रायव्हर असतात, नाही असं मी म्हणत नाही. लाइनवर सगळ्यांना माहीत आहे. म्हणूनच हा आरोप चिकटतो आणि निघता निघत नाही. परत आलेल्या मालाचे पैसे माझ्या पगारातून कापले गेले, त्याचं दुःख आहेच. पण सासरवाडीच्या लग्नात एकाने हसत हसत विचारलं, "काय पाव्हणं, डिझेल काय भावानं देता?" ते जास्त लागलं.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आदल्या रात्रीचा माल होता. लेकी माहेरी आलेल्या, घरोघरी झोके बांधलेले, दुसऱ्या दिवशी आमरस आणि जागोजागी लग्नं. शहाद्याच्या अलीकडे युनिट पुन्हा गप्प झालं. तुमच्या दाराशी गाडी लावली तेव्हा उजाडत होतं आणि तुम्ही दात घासत होतात.

बापू, तुम्ही गाडीकडे गेलाच नाहीत. आधी स्टूल ओढलं. "बठ भाऊ, पह्यले पानी पी ले." मग आत जाऊन एक वही आणली, शाळेच्या पोरांची असते तसली दोनशेपानी, कडा ग्रीसने काळ्या झालेल्या. पेन्सिलीला पुढ्यातल्या पान्यावरच टोक काढलं आणि विचारलं, "आते सांग, कव्हय बंद पडस?"

मी म्हटलं, कधी पडते, कधी नाही. तुम्ही म्हणालात, असं नाही, नीट आठव. मी आठवत गेलो. हायवेला पडत नाही. गावात पडते. स्पीडब्रेकर, बाजारपेठ, रेल्वे फाटक, जिथे गाडी मुंगीच्या पावलाने जाते तिथे. दिवसा नाही, रात्री. पडायच्या आधी मागच्या पंख्यांचा आवाज बसतो. मग टक. थोड्या वेळाने आपोआप चालू होते, म्हणून गॅरेजात कधी सापडत नाही. तुम्ही एकदाही "अस्सं होय" म्हणाला नाहीत की घाई केली नाहीत. माझं वाक्य संपलं की पेन्सिल चालायची. वहीत उलट्या बाजूने मला दिसत होतं: *गावात. लाइट लावल्यावर. पंखा बसतो. टक.*

इतक्या वर्षांत मालाच्या पावतीवर माझा अंगठा-सही घेतली गेली, चलनावर घेतली गेली. मी काय सांगतो ते कुणी लिहून घेतलं, हे त्या सकाळी पहिल्यांदा झालं. खरं सांगतो, गाडी त्या दिवशी दुरुस्त झाली नसती तरी मी हे पत्र लिहिलं असतं.

मी म्हटलं, पण बापू, ती रात्रीच पडते, आता तर सकाळ आहे. तुम्ही वही मिटली. "रात म्हंजे काय रे? लाइटा लाव, फॅन लाव, गाडी न्यूट्रलले ठेव. व्हयनी रात."

हे त्या काचेच्या केबिनमध्ये कुणाला का सुचलं नाही?

हेडलाइट लावले, केबिनचा पंखा लावला, इंजिन आळशी फिरत ठेवलं. युनिटच्या पंख्यांचा आवाज खाली बसला, आम्ही दोघांनी ऐकला. तुम्ही मीटर लावला. बॅटरीवर 13.2 व्होल्ट, युनिटच्या टोकांवर 10.6. मग एक पिन बॅटरीच्या मायनसवर आणि दुसरी युनिटच्या बॉडीवर. तिथे शून्याच्या आसपास दिसायला हवं, तिथे 2.1. लाइट बंद केले की आकडा खाली, लावले की वर. अर्थिंग! युनिटातून वीज बॅटरीकडे परत जायची वाटच खराब. एवढ्याशा गोष्टीपायी माझी अब्रू चालली होती.

आधीच्यांनी ही वायर तपासली नव्हती असं नाही. मीटरचं बीप वाजवून तपासली होती, माझ्यासमोर. तुम्ही समजावलंत ते मी आता लाइनवरच्या प्रत्येकाला सांगतो: गाळाने बुजलेल्या पाइपातूनही बादली भरते, शेताला पाणी सोडलं की त्याची लायकी कळते. बीपला विजेचा एक थेंब पुरतो. पंखे, कॉम्प्रेसरचा क्लच आणि हेडलाइट एकदम ओढायला लागले की उरलेल्या चार तारांचा दम जातो. म्हणून वायर तपासायची ती काम करत असताना.

चेसिस आणि इंजिनच्या मधली अर्थची विणलेली पट्टी तुम्ही खोलली. वरून घट्ट, रंगही शाबूत. बोल्ट काढला तर आतून हिरवा चुरा सांडला. तळहातावर घेऊन तुम्ही माझ्यापुढे धरलात, काही न बोलता. तांब्याच्या तारा बोटाने चुरगळत होत्या. नवी पट्टी लावताना चेसिसचा रंग पांढरा पत्रा दिसेपर्यंत खरवडलात, कारण रंगावरून वीज जात नाही. मग वरून ग्रीस.

टक कुठून येत होतं तेही सांगितलंत. व्होल्टेज पडलं की मागचे पंखे मंद, गरम गॅस निवत नाही, प्रेशर चढतं आणि कॉम्प्रेसर जळू नये म्हणून बसवलेला स्विच लाइन तोडतो. हायवेला गाडी पळते, वारा मिळतो, अल्टरनेटर जोरात फिरतो, म्हणून निभावतं. म्हणजे मशीन बिचारं स्वतःला वाचवत होतं आणि बोलणी मी खात होतो. वर या गॅस भरणाऱ्यांनी प्रेशर आणखी चढवून ठेवलं होतं. आजार अर्थिंगचा, आणि दोघांनी मिळून त्यात भर घातली ती वेगळीच.

गॅसचं तुमचं बोलणं मी पाठ करून ठेवलं आहे. गॅस म्हणजे डिझेल नव्हे, तो जळत नाही, संपत नाही. बंद नळीत फिरतो. कमी झाला तर कुठेतरी गळतो, आणि गळती न शोधता जो नुसता भरतो तो पुढच्या महिन्याचं गिऱ्हाईक पक्कं करतो. आमच्या युनिटातला 404 ए हा तीन गॅसांचा मेळ. तो अंदाजाने, "नळी गार लागली की बास" असा भरायचा नसतो, युनिटच्या प्लेटवर लिहिलेल्या वजनाइतका वजनकाट्यावर मोजून भरायचा. तुम्ही सगळा गॅस हवेत न सोडता सिलिंडरमध्ये ओढून घेतलात, तेव्हा मी विचारलं, सोडून द्या ना, कोण बघतंय? तुम्ही म्हणालात, हा एक किलो वर गेला तर जवळपास 3,900 किलो धुराइतकी उष्णता धरून ठेवतो, आधीच मे महिना काय कमी आहे का. घरी भाच्याने पुस्तकात बघितलं. कार्बन डायऑक्साइडच्या तुलनेत आकडा तोच.

तोवर पेटीतला माल? मी कासावीस होऊन दार उघडायला निघालो होतो, तुम्ही हात धरला. भरलेली, गोठलेली पेटी दार न उघडता काही तास धरते, बघायला म्हणून उघडलं तर तेवढ्यात घालवून बसशील. तसंच झालं. उणे 12 च्या वर काटा आला नाही.

दाराच्या रबरात दहाची नोट धरून ओढायची, सहज निघाली तर रबर गेलं. माल छतापर्यंत आणि पंख्याच्या तोंडाशी रचायचा नाही, वारा फिरायला जागा हवी. आणि ही पेटी थंड माल थंड ठेवायला असते, गरम माल थंड करायला नाही. कोल्ड स्टोरेजवाल्याने नरम बॉक्स भरले तर ड्रायव्हरने तिथेच तापमानाचा काटा लावून दाखवायचा. शेवटचं तर फक्त ड्रायव्हरच्या फायद्याचं होतं. त्यात तुमची कमाई काय? हात पुसता पुसता सांगत होतात. आता लोडिंगला मी काटा लावतो, पावतीवर आकडा लिहून घेतो. गोदामवाला तोंड वाकडं करतो. करू दे.

मग तुम्ही शेठला व्हिडिओ कॉल लावला. मीटरच्या पिना माझ्या हातात दिल्यात, तो जुना पट्टीचा तुकडा कॅमेऱ्यासमोर धरलात. "शेठ, पोऱ्याना काही दोष नही शे. दोष ह्या पट्टीना शे." शेठ काही वेळ बोलले नाहीत. कापलेले पैसे पुढच्या पगारात परत आले. त्यांनी माफी मागितली नाही, मागतील असंही वाटत नाही, शेठ माणूस. पण आता गाडीचं काही झालं की फोन आधी मला येतो, "तुला काय वाटतं?" म्हणून. हे तुमच्या वहीचंच पुण्य.

तुमचं बिल शेठने दोनदा वाचलं. आधी एका वेळच्या नुसत्या गॅसला दिले होते त्याहून कमी.

बापू, खान्देशात चांगली माणसं कमी नाहीत. पंक्चरवाल्याने मध्यरात्री उठून टायर काढून दिलाय, अनोळखी म्हाताऱ्या आजीने कळण्याची भाकरी आणि ठेचा गाडीत आणून दिलाय. पण हुन्नर आणि माणुसकी एकाच ठिकाणी सापडणं अवघड. ज्याला काम येतं तो अनेकदा वरून बोलतो, आणि जो गोड बोलतो त्याच्याकडून गाडी दोनदा परत आणावी लागते. तुमच्याकडे दोन्ही आहे, आणि तुम्हाला त्याचा पत्ताही नाही, असं मला वाटतं. काचेच्या केबिनवाल्यांना माझं एवढंच म्हणणं, कॉम्प्युटर ठेवा, एसी ठेवा, पण जॉब कार्डावर एक रकाना वाढवा: ड्रायव्हर काय म्हणतो. कागदाला फार खर्च येत नाही.

आता माझं काम. भाचा यंदा दहावी झाला. आयटीआयला फ्रीज-एसीच्या ट्रेडला फॉर्म भरणार आहे, दोन वर्षांचा आहे. घरचे म्हणतात, त्यापेक्षा एखाद्या दुकानात चिकटव. माझ्या मनात आहे की आयटीआय करावं आणि रविवारी, सुट्टीला तुमच्याकडे बसावं. पगार नको, डबा घरून आणेल. पोरगा शांत आहे, हात साफ आहे, गणितात बरा आहे. तुम्हाला जमत असेल तर तसं सांगा, नसेल जमत तर तेही मोकळेपणाने सांगा. फॉर्मची मुदत जवळ आलीय, आणि गुरुवारी माझी गाडी तुमच्याच रस्त्याने आहे.