सूचना : वेबिनार घेणाऱ्या सभासदांसाठी

सर्व सभासदांस कळविण्यात येते की, व्यापाऱ्यांसाठी वेबिनार ठेवताना महिन्याची ११ आणि २० तारीख कटाक्षाने टाळावी. मासिक जीएसटीआर-१ (विक्रीचा तपशील देणारे जीएसटी विवरणपत्र) आणि जीएसटीआर-३बी (कर भरण्याचे सारांश विवरणपत्र) भरण्याची मुदत सर्वसाधारणपणे अनुक्रमे या दोन दिवशी संपत असल्याने दुकानदाराचे सारे लक्ष पोर्टलकडे असते. गेल्या खेपेस वक्त्यांच्या परिचयातच पंधरा मिनिटे गेली आणि मूळ विषय सुरू होण्याआधीच बरेच श्रोते बाहेर पडले, याचे मनापासून वाईट वाटते. यापुढे परिचय दोन वाक्यांत आटोपून थेट एखादे बिल पडद्यावर उघडावे, त्यातील एचएसएन कोड (मालाच्या वर्गीकरणाचा क्रमांक) कुठे चुकला हे श्रोत्यांनाच चॅटमध्ये विचारावे आणि उत्तर देणाऱ्याचे नाव घेऊन पुढे बोलावे. बिलावरील ग्राहकाचे नाव व जीएसटी क्रमांक मात्र आधीच झाकलेला असावा. प्रश्नोत्तरांसाठी शेवटची २० मिनिटे राखून ठेवावीत.