वादग्रस्त कार्यक्रम आणि जाहिरातदाराचा हिशेब

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

भडक बोलून श्रोते गोळा करणाऱ्या कार्यक्रमांना जाहिरातदारांनीच चाप लावावा, अशी अपेक्षा आपल्या रविवारच्या अंकातील लेखात व्यक्त झाली आहे. परभणीत मोंढ्यालगत माझे भांड्यांचे आणि शेगडी-मिक्सरचे दुकान असून लग्नसराईच्या तोंडावर मी दरवर्षी थोडीफार जाहिरात करतो. त्या अनुभवावरून मला ही अपेक्षा चुकीच्या दारी ठेवल्यासारखी वाटते.

लेखात अमेरिकेतील टॉक रेडिओचा, म्हणजे निवेदक मते मांडतो आणि श्रोत्यांचे फोन घेतो अशा कार्यक्रमांचा, दाखला आहे, पण तो अर्धाच आहे. एप्रिल २००७ मध्ये डॉन आयमस या रेडिओ निवेदकाने रटगर्स विद्यापीठाच्या महिला बास्केटबॉल संघाविषयी वंशद्वेषी आणि अश्लाघ्य शब्द वापरले, तेव्हा प्रॉक्टर अँड गॅम्बल, जनरल मोटर्स यांसारख्या कंपन्यांनी जाहिराती काढून घेतल्या आणि आठवड्याभरात सीबीएस या प्रसारण कंपनीने त्याला काढून टाकले. त्याच वर्षी डिसेंबरात तो न्यूयॉर्कच्या दुसऱ्या केंद्रावरून पुन्हा बोलू लागला, हे मात्र लेखात नाही. २०१२ मध्ये रश लिंबॉ या दुसऱ्या रेडिओ निवेदकाने कायद्याच्या एका विद्यार्थिनीविषयी गलिच्छ उद्गार काढले, तेव्हाही अनेक जाहिरातदारांनी त्याची साथ सोडली. तरी २०२१ मध्ये त्याला मृत्यू येईपर्यंत त्याचा कार्यक्रम चालूच राहिला.

काही जाहिरातदार निघून जातात आणि काही टिकतात, या फरकाचे कारण श्रोत्यांत आहे. साबण आणि मोटार विकणाऱ्याला प्रत्येक घर गिऱ्हाईक म्हणून हवे असते. ज्या घराचा अपमान झाला, ते घरही. उलट लिंबॉचा श्रोता बहुतांशी गोरा, पुरुष आणि उतारवयाकडे झुकलेला होता. मोठ्या जाहिरात एजन्सी प्रामुख्याने २५ ते ५४ वयाचा श्रोता मागतात. त्यापुढचा श्रोता कितीही निष्ठावान असला तरी त्यांच्या लेखी त्याचा भाव कमी. मात्र सोन्याची नाणी विकणाऱ्याला, जो जाहिरातीत फोन नंबर देतो आणि संध्याकाळी किती फोन आले ते मोजतो, त्याला नेमका तोच श्रोता हवा असतो. फोन वाजत आहेत तोवर तो कशाला हलेल?

आपल्याकडे खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या देण्याची परवानगी नसल्याने हा प्रकार रेडिओऐवजी दूरचित्रवाणीवरील चर्चांत वाढला. ऑक्टोबर २०२० मध्ये बजाज ऑटोचे राजीव बजाज यांनी तीन वाहिन्या काळ्या यादीत टाकल्याचे जाहीर केले, तेव्हा वाळूजच्या कारखान्यामुळे आम्हा मराठवाड्याच्या लोकांना त्याचे विशेष कौतुक वाटले. पण असे उघडपणे बोलणारे विरळाच. इतरांचा हिशेब वेगळ्या कोष्टकात चालतो. घरातील मुख्य कमावत्याचे शिक्षण आणि घरी ११ ठरावीक वस्तूंपैकी किती आहेत, यावरून प्रेक्षकाचा वर्ग ठरतो आणि तो पाहून जाहिरात दिली जाते. फ्रीज, दुचाकी यांच्याबरोबर त्या यादीत शेतजमीनही आहे. जिंतूरकडचे कोरडवाहू रान आणि गोदाकाठचा उसाचा मळा तिथे सारखेच मोजले जातात, हा भाग निराळा.

आता माझी गोष्ट. एका स्थानिक केबल वाहिनीवर रात्री फोन घेऊन चर्चा करणारा एक कार्यक्रम चालतो. केशकर्तनालयात आणि चहाच्या टपरीवर त्याचाच विषय निघे, म्हणून मी तीन महिन्यांची जाहिरात दिली. गिऱ्हाईक आले की दुकानाचे नाव कुठून कळले, ते विचारून वहीत लिहून ठेवण्याची माझी सवय आहे. तीन महिन्यांत त्या वाहिनीच्या रकान्यात पाचच खुणा पडल्या. रुखवताची भांडी बायका ठरवतात आणि त्या कार्यक्रमाच्या वेळी त्या दुसरीकडे मालिका लावतात, हे मला आधीच सुचायला हवे होते. एके दिवशी पितळी घंगाळ निवडता निवडता एक मावशी म्हणाल्या, “कामून हो दादा, त्या बायांना वाटंल तसं बोलणाऱ्याच्या मधी तुमच्या दुकानाचं नाव येतंय?” मी निरुत्तर झालो. त्यांनी घंगाळ घेतले, पण घासाघीस न करता घेतले, आणि त्याचेच मला जास्त लागले.

मी जाहिरात बंद केली. शेजारचे इन्व्हर्टर-बॅटरीवाले मात्र त्याच कार्यक्रमात अजून आहेत, कारण त्यांचे गिऱ्हाईक टपरीवरच बसलेले असते आणि त्यांना रोज फोन येतात. मी सज्जन आणि ते निर्ढावलेले, असे काही नाही. आम्हा दोघांच्या वह्या वेगळ्या आहेत. म्हणून सभ्यतेची राखण आमच्यावर सोपवू नये. २०१२ च्या त्या वादळातही बऱ्याच मोठ्या कंपन्यांनी जाहीर निषेध न करता, वादग्रस्त कार्यक्रमांत आमची जाहिरात लावू नका, एवढेच जाहिरात लावणाऱ्यांना कळवले होते.

मीही त्याहून शूर निघालो नाही. वाहिनीचा प्रतिनिधी नूतनीकरणासाठी आला, तेव्हा मावशींचे बोलणे मी त्याला सांगितले नाही. “सध्या सीझन नाही,” एवढे म्हणून चहा पाजून त्याला परत पाठवले.

आपला,
एक दुकानदार वाचक, परभणी