सेव्हिलहून आई-बाबांस

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "आता नोकरी कायम झाली, मग त्या स्पेनच्या चोपड्या सोडून बँकांचं, शेअर बाजाराचं काही का करत नाहीस?" मागून आई म्हणाली, "स्पेनशी आपलं काय देणंघेणं?" फोनवर मला हे धड सांगता येत नाही, म्हणून लिहितेय.

माझ्या विषयातला मूळपुरुष म्हणजे अर्ल हॅमिल्टन. १८९९ साली मिसिसिपीत जन्मला, ड्यूक विद्यापीठात अर्थशास्त्र शिकवू लागला आणि तिथून इथे सेव्हिलच्या दफ्तरखान्यात येऊन बसला. अमेरिकेतून राजाच्या आणि व्यापाऱ्यांच्या नावे किती सोनं-चांदी उतरली, ते त्याने मूळ नोंदींवरून मांडलं. १५०३ ते १६६० या काळात सुमारे १८१ टन सोनं आणि १६ हजार टनांहून अधिक चांदी. त्याचं पुस्तक आलं १९३४ साली. पुढे शिकागोत वीस वर्षं प्राध्यापकी. बायको ग्लॅडिस त्याच्याबरोबर दफ्तरात बसून आकडे उतरवायची. मुखपृष्ठावर अर्थातच एकट्याचं नाव. आई, तू यावर काय म्हणशील ते मला ठाऊक आहे.

पण त्याची खरी हुशारी चांदी मोजण्यात नव्हती, भाव शोधण्यात होती. सरकारी दर कागदावरचे. बाजारात लोक काय मोजत होते ते कसं कळणार? तो रुग्णालयांच्या खर्चवह्यांकडे गेला. एकच संस्था, वर्षानुवर्षं त्याच जिनसा विकत घेणारी. आजाऱ्यांसाठी कोंबड्या, तेल, हरभरे, मेणबत्त्यांचं मेण. अशी पानं मीही वाचते. आकडे बहुतेक रोमन, हिशेब मारावेदी या जुन्या स्पॅनिश चलनात, चौतीस मारावेदींचा एक रेआल, म्हणजे चांदीचं नाणं. शाईने कागद जागोजागी खाल्लाय. पान उलटताना कधी शाई वाळवायला टाकलेली वाळू बोटांना लागते, चारशे वर्षांपूर्वीची! कारकुनाने बेरीज चुकवलेली दिसली की तुमची आठवण येते बाबा. तुम्ही ती लाल पेन्सिलीने गोल केलीच असती.

तर सोळाव्या शतकभरात स्पेनमध्ये भाव साधारण चौपट झाले. वर्षाला दीड टक्काही नाही, आपल्याला हसू येईल. पण पिढ्यान्‌पिढ्या स्थिर भावांची सवय असलेल्यांची झोप त्याने उडाली. हॅमिल्टन म्हणाला, हे चांदीमुळे. केन्ससारख्या बड्या अर्थशास्त्रज्ञानेही त्याचं काम उचलून धरलं. मग १९५९ मध्ये जोर्दी नादाल या इतिहासकाराने दाखवलं की भाववाढीचा वेग शतकाच्या पहिल्या अर्ध्यात जास्त होता, आणि पोतोसीची, म्हणजे आजच्या बोलिव्हियातली, चांदीची प्रचंड खाण तर १५४५ मध्ये सापडली, चांदीचा लोंढा त्यानंतरचा. म्हणजे वाढती लोकसंख्या आणि धान्याची ओढही धरायला हवी. पुढे मिशेल मोरिनो या फ्रेंच इतिहासकाराने डच वृत्तपत्रांतल्या जहाजांच्या बातम्या काढल्या: १६५० नंतर नोंदीत चांदी आटलेली दिसते, पण जहाजांतून ती येतच होती, फक्त चोरवाटेने. बाबा, तुम्ही जन्मभर ऑडिट केलंत, तुम्हाला हे मी काय सांगावं? वहीत नाही म्हणजे आलंच नाही, असं थोडंच असतं!

मला कुतूहल नेमकं त्या वहीबाहेरच्या चांदीचं आहे, म्हणून विषय बदलणार नाही. पोतोसीत सक्तीने उतरवलेल्या आदिवासी मजुरांच्या घामाची, पाऱ्याने त्यांच्या अंगात भिनलेल्या विषाची नोंदही सेव्हिलच्या आवक-वहीत नाही. आणि आई, देणंघेणं आहेच. ते रेआल लिस्बनवरून गोव्याला यायचे. १५८० ते १६४० तर स्पेन-पोर्तुगालचा राजा एकच होता. तांबड्या समुद्रातून, इंग्रज-डच जहाजांतून ते सुरतेला उतरायचे आणि तिथल्या टांकसाळीत वितळून मुघली रुपये व्हायचे. १६६४ साली महाराजांनी सुरतेहून जे आणलं, त्यात पोतोसीची चांदी होतीच, असं मी पैजेवर सांगेन. कुठल्या नोंदीने ते सिद्ध होणार नाही, पण वर्गात हे सांगितलं की मागच्या बाकावरची पोरंही फोन खाली ठेवतात.

बँकांचं शिकवलं तर पगार वाढेल, हे खरं आहे. इथल्या एका सल्लागार कंपनीने विचारलंही होतं, मी नाही म्हटलं. रागावू नका, कर्जाचे हप्ते वेळेवर जातायत.

दिवाळीला येणं जमणार नाही. त्यापेक्षा फेब्रुवारीत तुम्हीच इकडे या. तेव्हा उन्हाळ्यासारखी काहिली नसते, आईच्या गुडघ्यांना चालणं झेपेल, आणि माझी खोली तळमजल्यावर आहे. बाबांच्या पासपोर्टची मुदत कधी संपते ते रविवारच्या फोनवर सांगा, म्हणजे व्हिसाच्या कागदांना लागते. आईने मेतकूट आणावं, पण लोणचं नको. मागच्या वेळी बॅगेत सांडलं होतं.

तुमची,
मनू