इफेच्या पितळी मस्तकांविषयी

पुणे

प्रिय श्रीधर,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र पोहोचले. नायजेरियातल्या इफेच्या पितळी मस्तकांची जी छायाचित्रे मी पाठविली होती, त्यांवर तू अगदी ओतकाम करणाऱ्याच्या नजरेने शेरा मारलास की, चेहरा इतका निर्दोष उतरला असताना ओठांभोवती आणि केसांच्या रेषेवर भोके राहिली, म्हणजे साच्यात हवा अडकली असणार. वाचून आधी हसू आले. पण ती भोके म्हणजे ओतकामातली खोट नव्हे, ती मुद्दाम ठेवलेली आहेत. आणि ही मस्तके कशासाठी घडविली या तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मला त्या भोकांतच दडलेले वाटते.

प्रथम, यांना ब्राँझ म्हणणे चूक आहे ही तुझी दुसरी हरकत मान्य करून टाकतो. सारे जग यांना ‘ब्राँझ’ म्हणते; प्रत्यक्षात त्यांत कथील नावापुरतेच असून बहुतेक मस्तके शिसेमिश्रित पितळेची आणि काही जवळजवळ शुद्ध तांब्याची आहेत. हे तांबे सहाराचे वाळवंट ओलांडून येणाऱ्या व्यापारातून मिळत असे, म्हणजे ते किती मोलाचे असेल याची कल्पना कर. काळ साधारण बाराव्या ते पंधराव्या शतकाचा. पद्धत तुला परिचयाचीच आहे: मातीच्या गाभ्यावर मेणाचा थर, त्यावर पुन्हा माती, मग मेण वितळवून त्या पोकळीत धातूचा रस. आपल्याकडे कल्याणीच्या चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात बाराव्या शतकातच या विधीचे वर्णन आले आहे आणि तेथे मेणाला ‘मधूच्छिष्ट’, म्हणजे मधाचे उष्टे, म्हटले आहे. दोन्हींचा परस्परसंबंध होता असे मला सुचवायचे नाही. तुला तो शब्द आवडेल म्हणून लिहिले.

इफे, म्हणजेच इले-इफे, हे नायजेरियाच्या नैर्ऋत्य भागातले गाव तिथल्या योरुबा लोकांच्या दृष्टीने जगाचा आरंभबिंदू आहे. त्यांचा आद्यपुरुष ओदुदुवा आकाशातून साखळीने खाली उतरला, त्याने पाण्यावर मूठभर माती टाकली आणि पाच बोटांच्या कोंबडीने ती उकरून पसरविली, तीच ही भूमी. वास्तविक हे काम ओबाताला या देवाकडे होते, परंतु तो वाटेत ताडी पिऊन झोपला आणि संधी हुकली. पुढे त्याच्याकडे मातीतून माणसांची शरीरे घडविण्याचे काम आले. नशेत त्याच्या हातून जी शरीरे वेडीवाकडी घडली, ती माणसे त्याची खास लेकरे मानली जातात आणि त्याचे भक्त आजही ताडीला स्पर्श करीत नाहीत. आपली चूक देवाने अशी पदरात घेतल्याची कथा मला फार मोठी वाटते.

शरीर घडले तरी माणूस पुरा होत नाही. जन्मापूर्वी प्रत्येक जीव आजाला नावाच्या कुंभाराकडे जाऊन आपले मस्तक निवडतो. ‘ओरी’ म्हणजे डोके, पण त्यात एक बाहेरचे आणि एक आतले. आतल्या ओरीत त्या माणसाचे प्राक्तन साठवलेले असते, म्हणून इतर देवांच्या आधी आपल्या ओरीची पूजा करावी लागते. कुंभाराकडची सगळीच मस्तके नीट भाजलेली नसतात आणि निवडताना ते वरून कळत नाही. तुझ्या धंद्यात हे तुला नव्याने सांगायला नको. इफेच्या पूर्णाकृती मूर्तींत डोके शरीराच्या जवळजवळ चौथ्या हिश्श्याएवढे का असते, हे यावरून उलगडते. ज्या कारागिराला ओठांची कड इतकी अचूक साधली, त्याला शरीराचे माप कळत नव्हते असे मानणे हास्यास्पद आहे.

या कारागिरांना कमी लेखणारे विद्वान मात्र होऊन गेले. १९१० मध्ये लिओ फ्रोबेनियस हा जर्मन संशोधक इफेला पोहोचला आणि समुद्राचा व संपत्तीचा देव ओलोकुन याच्या राईतले एक पितळी मस्तक पाहून, हे ग्रीक दंतकथेतल्या, समुद्रात बुडालेल्या अटलांटिस बेटाचे अवशेष असावेत असे म्हणाला. आफ्रिकेच्या माणसाला हे जमले असेल, एवढे एकच त्याला सुचले नाही! ते मस्तक ब्रिटिश अधिकाऱ्यांनी त्याला परत करायला लावले. पुढे १९३८ मध्ये राजवाड्याजवळच्या वुन्मोनिजे वाड्यात घराचा पाया खणताना एका डझनाहून अधिक मस्तके निघाली आणि एकाच घराण्याची शैली स्पष्ट दिसू लागली. त्यांपैकी एक ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. अमेरिकेत गेलेली दोन १९५० मध्ये परत आली.

आता भोकांकडे येतो. केसांच्या रेषेवरील भोके खरा मुकुट अडकविण्यासाठी असावीत आणि ओठांभोवतालची दाढीचे केस किंवा मण्यांची झालर लावण्यासाठी. काही अभ्यासकांच्या मते दिवंगत राजाच्या उत्तरक्रियेत लाकडी देहावर हे मस्तक बसवीत. इतरांच्या मते राजचिन्हे ठेवण्यासाठी व वार्षिक विधींत मिरविण्यासाठी त्यांचा उपयोग होता. मला दुसरे मत अधिक पटते, पण दोन्हींत एक गोष्ट समान आहे. योरुबा राजाच्या मुकुटाला मण्यांचा पडदा असतो आणि तो राजाचा चेहरा झाकतो, कारण मुकुट घातलेला राजा हा व्यक्ती राहत नाही, सर्व पूर्वजांची ‘आशे’ म्हणजे घडविणारी शक्ती त्याच्यात उतरलेली असते. म्हणजे ज्या चेहऱ्यांकडे आपण काचेपलीकडून टक लावून पाहतो, ते बहुधा झाकण्यासाठीच घडविलेले होते. काही मिलिमीटर जाडीच्या धातूत उतरलेला तो संयम, त्या अर्धमिटल्या पापण्या, गालांवरच्या उभ्या रेषा हे सारे मण्यांच्या आड असणार हे ठाऊक असूनही कारागिराने हात आखडता घेतला नाही.

नायजर नदीकाठी टाडा नावाच्या गावातली एक बैठी ताम्रमूर्ती तर याच्याही पुढे गेलेली. गावकरी दर शुक्रवारी तिला नदीवर नेऊन वाळूने घासत, म्हणजे बायकांना लेकरे आणि नदीला मासे भरपूर होतील. घासून घासून तिची नक्षी गुळगुळीत झाली आहे. संग्रहालयवाल्यांना याचे वाईट वाटते. देवघरातले पितळी देव चिंच लावून घासताना नाकडोळे पुसट झालेले तू आणि मी लहानपणापासून पाहिले आहेत, त्यामुळे मला तरी वाईट वाटले नाही.

शेवटी तुझ्यासाठी एक काम. इफेच्या राजवाड्यात जपलेला, ओतकामाचा आश्रयदाता मानल्या गेलेल्या ओबालुफॉन राजाचा मुखवटा जवळजवळ शुद्ध तांब्याचा आहे आणि डोळ्यांखाली पाहण्यासाठी फटी असल्यामुळे तो चेहऱ्यावर लावता येतो. तांबे सुमारे १,०८५ अंशांना वितळते, रसात वायू शोषते आणि पितळेसारखे सहज वाहत नाही, हे तूच मला एकदा भट्टीजवळ उभे करून सांगितले होतेस. मग एवढा पातळ, पूर्ण चेहरा एका ओतीत कसा उतरला असेल? तुझ्या भट्टीत एकदा लहानसा करून पाहा आणि पहिल्या खेपेला भोके पडली तर न लपविता कळव.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझाच,
अनंत