दांडीवरून सीटवर

रायबंदर,
रविवार, दुपार

ती. बाबा आणि ती. आई यांना साष्टांग नमस्कार.

फोन सोडून पत्र कशाला, असं वाटेल तुम्हाला. बाबांना हल्ली फोनवर अर्धंच ऐकू येतं, आणि आई माझं पहिलं वाक्य पुरं व्हायच्या आत ओरडायला लागते. मला सांगायचंय ते चार वाक्यांत आटपणारं नाही. शिवाय शेजारच्या वहिनीने कुणाच्या तरी मोबाइलवर माझा एक फोटो पाहिलाय म्हणे. ती तिखटमीठ लावून तुमच्यापर्यंत पोचवणार, त्याआधी माझ्याकडूनच कळलेलं बरं. घरात आपण जन्मभर कोकणीत बोललो, पण कागद पुढ्यात घेतला की बाबांमुळे हात आपोआप मराठीत चालतो. ऱ्हस्व-दीर्घ चुकले असतील तिथे तांबड्या शाईने खुणा करून ठेवा, होळीत शिगम्याला आले की बघते.

तर, मी सायकल शिकले. आणि घोड्यावर बसायला शिकतेय.

आई, आधी खाली बस. पाणी पी. हातपाय शाबूत आहेत.

सायकलची सुरुवात अगदीच फुटकळ झाली. खालच्या मजल्यावरचं बिऱ्हाड गेल्या पावसाळ्यात बदललं, तेव्हा त्यांनी जाता जाता आपली जुनी सायकल माझ्या गळ्यात मारली. तीन आठवडे मी तिच्या हॅण्डलवर टॉवेल वाळत घातले. मग एका सकाळी दारात पाववाला पोदेर आला. त्याच्या कॅरियरवर ती एवढी मोठी टोपली, ताडपत्रीने झाकलेली, एक हात भोंपूवर, दुसऱ्या हाताने तो मला उंडे देतोय आणि एक पाय जमिनीला टेकवून सायकल अशी धरलीय की जणू ती त्याच्या अंगाचाच भाग आहे. मी त्रेचाळीस वर्षांची बाई, बँकेत लोकांची कर्जं तपासते, आणि मला हे येत नाही. त्या दिवशी टॉवेल दोरीवर गेले.

सायकलच्या दुकानातल्या म्हाताऱ्या मेस्त्रीला म्हटलं, शिकवणारं कुणी आहे का? तो म्हणाला, माणूस कशाला, पायडलं काढा. मला थट्टा वाटली. पण त्याने खरंच पाना घेतला आणि दोन्ही पायडलं सोडवून माझ्या पिशवीत टाकली. बाबा, तुम्हाला हे ठाऊक असणार, मला नव्हतं: डावं पायडल उलट्या आट्याचं असतं. नेहमीसारखं डावीकडे फिरवलंत तर ते आणखी घट्ट बसतं. त्याने सीटही पार खाली उतरवली, इतकी की दोन्ही तळवे जमिनीला सपाट टेकतील. आता पायाने ढकलत चला, म्हणाला. बदकासारखं. ढकलता ढकलता पाय आपसूक उचलले जातील, तेव्हा परत या, मग पायडलं लावून देतो.

नंतर वाचलं तेव्हा कळलं की सायकलचा जन्मच असा झालाय. 1817 साली जर्मनीत कार्ल ड्राइस नावाच्या माणसाने पहिलं दोन चाकांचं वाहन चालवलं, त्याला पायडल नव्हतंच, पायांनी जमीन ढकलतच तो पुढे गेला. पायडलं आली ती पुढे चाळीस-पन्नास वर्षांनी. म्हणजे मी काही लहान मुलांचा प्रकार करत नव्हते, इतिहासाच्या क्रमाने जात होते. (बाबा, तुम्ही आता हसलात हे मला इथे दिसलं.)

शिकायला जागा कुठली? आमच्या दारासमोरून पणजीकडे जाणारा तो जुना पूल, 1633-34 सालचा, मिठागरांच्या कडेकडेने सरळसोट जातो, पण त्यावर बसगाड्या इतक्या अंगावर येतात की तिथे बदकाने पाऊल टाकू नये. मी दर रविवारी उजाडताना फेरीने पलीकडे दिवाडी बेटावर जायला लागले. फेरीतून उतरलं की दोन्ही बाजूंना खाजन शेतं, खारं पाणी बांधाने अडवलेली, आणि मधून सपाट रस्ता, गाड्या नावाला. पुढे पियेदादची टेकडी लागते तिथवर चढ म्हणून नाही. रस्त्यात भेटतात ते बगळे, एखादी म्हैस, आणि चर्चमध्ये मिसाला चाललेल्या आज्या. त्यातल्या एकीने मला पाय फाकवून बदकासारखं जाताना बघून छातीवर क्रूस केला. शपथ.

चौथ्या रविवारी पाय उचलले गेले. किती वेळ? असतील पाच-सहा सेकंद. मानशीच्या, म्हणजे बांधातल्या पाणी सोडायच्या दारापासून पुढच्या माडापर्यंत. त्यातली गंमत अशी, की इतकी वर्षं मी समजत होते, डावीकडे कलंडायला लागलं की हॅण्डल उजवीकडे ओढायचं. ओढलं की हमखास आडवी. खरं उलटं आहे. ज्या बाजूला पडतोय त्याच बाजूला चाक किंचित वळवायचं, मग चाकं आपल्या खाली येतात आणि सायकल आपोआप सरळ होते. डोक्याला हे पटत नाही, पण हातांना एकदा पटलं की डोक्याला कुणी विचारत नाही. दुसरं म्हणजे, खड्ड्याकडे बघितलं की खड्ड्यातच. मी एकदा एका म्हशीकडे बघत राहिले. पुढचं सांगत नाही, म्हैस ठीक आहे.

त्याच बेटावर आपला सप्तकोटीश्वर होता ना बाबा, नार्व्याला नेण्याआधी? तुम्ही चौथीच्या वर्गाला डिचोली तालुक्यातल्या नार्व्याच्या देवळात नेलं होतं आणि शिवाजी महाराजांनी 1668 साली देऊळ पुन्हा बांधवल्याचा शिलालेख वाचून दाखवला होता. तेव्हा आम्ही सगळे डब्यातल्या पोळ्यांकडे बघत होतो. आता मी बेटाच्या या टोकापासून नार्व्याच्या फेरीपर्यंत सायकलने जाते, नदी ओलांडते आणि नमस्कार करून परत येते. पोळी बरोबर असतेच.

आता घोड्याचं. बँकेतल्या एकीची मुलगी बार्देशातल्या एका गावात घोडेस्वारी शिकते. तिला सोडायला म्हणून एकदा गेले, कठड्याला टेकून तासभर बघत राहिले, आणि येताना स्वतःचं नाव घालून आले. बाबा, याचा दोष तुमच्याकडे जातो.

शिगम्यात तुम्ही घोडेमोडणीच्या नाचाला उभे राहायचात तेव्हा तुमच्या पायांत घुंगरू मी बांधायचे, आठवतं? सहा-सात वर्षांची होते. कमरेला तो बांबूचा सांगाडा, पुढे रंगवलेलं लाकडी तोंड, खाली पांढरं कापड सोडलेलं, डोक्याला फुलांचं बाशिंग, उजव्या हातात तलवार, डाव्यात लगाम. ढोल-ताशे सुरू झाले की तुम्ही घोडाही व्हायचात आणि स्वारही. कमरेच्या वर अगदी ताठ राजासारखे, कमरेखाली नुसती थयथय. मी आईला विचारलं होतं, बाबा खऱ्या घोड्यावर कधी बसले होते? आई म्हणाली, खरा घोडा आपल्या सत्तरी तालुक्यात आणलाय कुणी?

आता बसून बघितल्यावर कळतं की तुम्ही करत होता ते बरोबर होतं. वरचं अंग शांत, सगळी हालचाल कमरेखाली. इथला शिकवणारा मुलगा हिंदीत सांगतो, मॅडम, आपकी सीट कच्ची है. मला मनात तुमचा शब्द ऐकू येतो: मांड. आपल्या गावात मांड म्हणजे जिथे शिगमा खेळतात ती देवाची जागा, चपला काढून जायची. आणि मराठीत घोड्यावरची बैठक तीही मांडच. दोन्ही तुमच्याकडूनच ऐकलेत, पण हे दोन शब्द शेजारी ठेवून मी कधी पाहिले नव्हते.

माझ्या वाट्याला आलेली घोडी शर्यतीतून निवृत्त झालेली आहे. नाव बिजली. तिला बघून आमच्या बँकेच्या सर्व्हरची आठवण येते, सुरू व्हायला वेळ लागतो. पहिल्या दिवशी वर बसूच दिलं नाही. खरारा करायचा, मग एकेक खूर उचलून आकड्याने नालेतली माती काढायची. पाय उचलण्यासाठी ओढाताण करायची नाही. खांद्याला टेकून उभं राहायचं, हात पायावरून सावकाश खाली न्यायचा, आणि थांबायचं. मग ती एक मोठा उसासा सोडते आणि पाय तुमच्या हातात देते. चारशे किलोंहून जास्त वजनाचं जनावर आपला पाय उचलून तुमच्या तळहातावर ठेवतं. आई, तो खूर कोमट असतो गं. आणि वास गोठ्याचा नाही, उन्हात वाळलेल्या गवताचा आणि घामाचा असा मिसळलेला.

चढायचं डाव्या बाजूने. पूर्वी तलवार डाव्या कमरेला असायची, म्हणून उजवा पाय वरून टाकणं सोयीचं, ती रीत अजून चालू आहे. जवळ जाताना बाजूने जायचं आणि बोलत जायचं, कारण घोड्याला कपाळाच्या अगदी समोरचं आणि शेपटीमागचं दिसत नाही.

गोंधळ झाला तो सायकल आणि घोडा दोन्ही एकदम शिकायला घेतल्यामुळे. सायकलवर भीती वाटली की ब्रेक दाबायचा, तोल जायला लागला की हॅण्डल धरायचं. इथे लगामाला लोंबकळलं तर तिच्या तोंडातली कडी ओढली जाते, तिला दुखतं. आणि घाबरून मांड्या आवळल्या तर तिला वाटतं, पळ म्हणतायत. म्हणजे मी जितकी घाबरते तितकी ती पळते. सायकलला निदान माझ्या मनातलं कळत नाही. बिजलीला मी फाटकातून आत यायच्या आधीच कळतं की आज बँकेत काय झालंय.

बाबा, पुढचा परिच्छेद मोठ्याने वाचू नका. मनात वाचा.

डिसेंबरात पडले. दुडकी चाल शिकत होते. या चालीत घोडा कर्णातले पाय एकदम टाकतो, पुढचा डावा आणि मागचा उजवा, मग पुढचा उजवा आणि मागचा डावा, असे दोन ठोके. आपण एका ठोक्याला उठायचं, दुसऱ्याला बसायचं. चुकलं की कणकेच्या गोळ्यासारखं आपटायला होतं. मी चुकले, रिकिबीतून पाय सुटला आणि डाव्या बाजूने सावकाश, अगदी फेरी धक्क्याला लागावी तशी, घसरत खाली आले. खाली वाळू होती, डोक्याला हेल्मेट होतं. खांदा महिनाभर हिरवा-जांभळा. संक्रांतीला मी तुम्हाला वाकून नमस्कार करताना तोंड वाकडं केलं ते कमरेमुळे नव्हे. बिजली दोन पावलांवर थांबली आणि माझ्या केसांत फुंकर घालत उभी राहिली.

बास, आता मोठ्याने वाचा. तुम्ही गप्प झालात म्हणजे आईला कळलंच असेल.

अजून एक लिहायचंय, तेही मोठ्यानेच. दादाला तुम्ही शाळेच्या मैदानावर सायकल शिकवलीत त्या मे महिन्यात मी कडेला उभी राहून माझा नंबर कधी येतो बघत होते. आजी म्हणाली, चेडवाला, पोरीला कशाला, हातपाय मोडून घेईल. आई काही बोलली नाही. तुम्हीही नाही. संध्याकाळी तुम्ही मला दांडीवर बसवून बाजारात नेलंत, घंटी मला वाजवू दिलीत, भजी घेऊन दिलीत. त्या भज्यांवर मी खूश होते, हेही तितकंच खरं. पुढे सात वर्षं मी त्या दांडीवर बसून शाळेला आले आणि मला कधी कुणाला विचारावंसं वाटलं नाही. राग म्हणून लिहीत नाही. पण दिवाडीवर पहिल्यांदा पायडलं लावून फिरले तेव्हा पाठीमागे सीट धरून पळणारं कुणी नव्हतं, आणि तरी मी दोनदा मागे वळून बघितलं. कुणाला शोधत होते ते तुम्हाला कळावं इतकंच.

बरं, व्यवहाराचं. पडवीतल्या तुमच्या सायकलला भंगारवाला गिऱ्हाईक आहे असं दादा म्हणत होता. देऊ नका. अठ्ठावीस इंची चाकं आणि सळीचे ब्रेक असलेली तुमची ती सायकल पुन्हा मिळायची नाही. मेस्त्रीला विचारलंय, टायर-ट्यूब, ब्रेकचे रबर आणि चेन बदलली की चालेल. शिगम्याला येईन तेव्हा टेम्पो करून घेऊन जाते. दांडीला चिंधी गुंडाळलेली आहे ती काढू नका.

आणि आई, तुला एक विचारायचं होतं. पावसाची सर आली की तू अंगणातून बाबांची सायकल ढकलत पडवीत आणायचीस. ढकलताना एक पाय पायडलवर ठेवून दोन-तीन पावलं तशीच सरकायचीस आणि घंटी वाजवायचीस. अंगणात कुणीही नसायचं. मी खिडकीतून बघितलंय. तुझे गुडघे दुखतात, मला ठाऊक आहे. पण दिवाडीचा रस्ता सपाट आहे, आणि पायडलं काढायचा पाना आता माझ्या पर्समध्येच असतो.

तुमची,
बाय

ता. क. – दादाला हे पत्र दाखवलं तरी चालेल. शेजारच्या वहिनीला फोटो मी स्वतः पाठवते, त्यात बिजलीचे डोळे मिटलेले आहेत.