पाव इंची स्क्रूऐवजी एम-६ : तक्रार तिसऱ्यांदा

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक सेवा व उत्पादन विभाग

सा. न. वि. वि. वगैरे या वेळी गाळतो. काल संध्याकाळी तुमच्या हेल्पलाइनवर ४७ मिनिटं गेली, त्यांतली निम्मी होल्डवरच्या बासरीत. फोन ठेवल्यावर दहा मिनिटांत मेसेज आला : "आपली तक्रार सोडवण्यात आली आहे. पाचपैकी किती तारे द्याल?" ताऱ्यांऐवजी हे पत्र.

किट ६,८५० रुपयांचं, स्कायडायव्हिंगच्या कार्बन शेलच्या (कवचाच्या) हेल्मेटवर कॅमेरा लावायचं, वरून बसणारं. खोक्यावर हात पसरून आकाशात पडणारा माणूस छापला आहे, तेच. हा माणूस लक्षात ठेवा, पुढे त्याचं काम आहे.

कॅमेऱ्याच्या बुडाचं भोक पाव इंची असतं, इंचाला २० आटे. तुमच्याच माहितीपत्रकात तिसऱ्या पानावर हेच छापलं आहे. पिशवीत निघाला एम-६, म्हणजे मिलिमीटरच्या मापाचा. पाव इंची म्हणजे व्यास ६.३५ मिमी आणि पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, १.२७, एम-६ चा व्यास ६ आणि पिच १. नुसत्या डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, हे मान्य. एम-६ त्या भोकात शिरतोही. दीड-दोन फेरे सुरळीत जातो आणि मग घट्ट होतो. गोम इथेच आहे. तो बसलेला नसतो, अडकलेला असतो. आट्यात आटा जुळत नाही, त्यामुळे सगळा भार एक-दोन आट्यांच्या कडांवर येतो. आणखी अर्धा फेरा दाबून मारला की स्क्रूला काही होत नाही, कॅमेऱ्याचे आटे जातात. इथल्या अंबड औद्योगिक वसाहतीतल्या कुठल्याही लेथवर काम शिकणारा पोरगा पिच गेज (आटे मोजायचं साधन) लावून हे अर्ध्या मिनिटात सांगेल. तुमच्या पॅकिंग विभागात पिच गेज नसेल तर सांगा, पाठवतो. फार महाग नसतो.

पोटावर पडताना वेग ताशी १९० ते २०० किमी असतो. मध्यम आकाराच्या मिररलेस कॅमेऱ्याच्या तोंडावर त्या वेगाला सुमारे दोन किलोचा रेटा येतो. पॅराशूट उघडताना झटका तीन-चार जीचा, वजनाच्या तीन-चार पट. म्हणजे लेन्ससकट ७०० ग्रॅमचा कॅमेरा त्या क्षणी अडीच किलोच्या आसपास भरतो. हे सगळं तुम्ही एका चुकीच्या स्क्रूच्या दीड आट्यावर टांगायला सांगता. तो सुटला तर कॅमेरा गेला हे सोडाच; वर उडी मारणारे आणखी लोक असतात आणि खाली शेतात माणसं असतात.

पहिल्या तक्रारीनंतर बदली पिशवी आली. तीत पुन्हा एम-६. लेबल मात्र नवं होतं आणि त्यावर "पाव इंच" असं ठसठशीत छापलेलं. दुसऱ्या तक्रारीनंतर आटे बरोबर असलेला स्क्रू आला, पण लांबी ५/८ इंच, म्हणजे जवळजवळ १६ मिमी. कॅमेऱ्याखाली लागणारी तुमची प्लेट ४ मिमी, वरचं रबर १ मिमी, उरले ११. कॅमेऱ्याचं भोक जेमतेम ५ मिमी खोल. स्क्रूचं टोक आत तळाला टेकतं आणि प्लेट सहा मिमी सैल राहते. तरीही आवळत गेलात तर भोकाचा तळ फुटतो. इथे ३/८ इंची लागतो : साडेनऊ वजा पाच, साडेचार आत. ही वजाबाकी चौथीतली आहे. हेल्पलाइनचा सल्ला : "सर, खाली दोन-तीन वॉशर टाका." टाकून पाहिले. वॉशरची चळत आणि स्क्रूचं डोकं प्लेटच्या खाली येतं, आणि मग प्लेट हेल्मेटवरच्या बेसच्या खाचेत सरकतच नाही. हे तुमच्याच प्लेटचं, तुमच्याच बेसबाबत. दोन्ही एकत्र बसवून पाहणारा एकही माणूस कंपनीत नाही का?

आता कालचा फोन. मी तो सविस्तर लिहितो आहे, कारण तुमच्याकडे "कॉल रेकॉर्ड होत आहे" असं सांगतात पण ऐकत कोणी नसावं. प्रतिनिधी मराठीत बोलले, एवढं त्यांच्या बाजूनं.

"सर, कॅमेरा एकदा बंद करून परत चालू करून पाहिलात का?"

तक्रार स्क्रूची आहे. स्क्रूला बटण नसतं.

"ओके सर. मग थोडा जोर लावून बसवा."

जोर लावला की आटे जातात.

"बाकी कस्टमरना काही प्रॉब्लेम नाही सर. तुम्ही किती स्पीडनं चालवता?"

ताशी १९० ते २००.

"सर, एवढ्या स्पीडला हायवेवर चलान येईल."

गाडी नाही हो. विमानातून उडी. तुमच्या खोक्यावर चित्र आहे.

"एक मिनिट होल्ड करा सर." बासरी. अकरा मिनिटं.

"सर, सीनियरशी बोललो. म्हणजे वापरताना प्रॉडक्ट खाली पडणार, बरोबर?"

माणूस पडणार. प्रॉडक्ट त्याच्या डोक्यावर.

"म्हणजे प्रॉडक्ट पडणारच ना सर. मग पडल्यामुळे झालेलं नुकसान वॉरंटीत येत नाही. पॉलिसीत क्लिअर आहे."

व्यवस्थापक साहेब, हे वाक्य पुन्हा एकदा वाचा. पडतानाच वापरायची वस्तू, पडली म्हणून वॉरंटीबाहेर. छत्री पावसात उघडली म्हणून वॉरंटी रद्द, त्यातली गत. बरं, अजून कोणी पडलंसुद्धा नाही. पिशवीतला स्क्रू चुकीचा आहे, तो टेबलावर आहे, टेबल जमिनीवर आहे. हेही सांगितलं. त्यावर उत्तर : "सर, तुम्ही आवाज वाढवू नका." आवाज वाढला होता, कबूल. मग खोक्यावर तो माणूस कशाला छापला? बसलेला छापायचा होता.

प्रतिनिधीवर माझा राग नाही. त्यांच्यापुढे मोबाइलच्या तक्रारींची प्रश्नावली ठेवून त्यांना या किटच्या फोनवर बसवणाऱ्यांवर आहे.

स्क्रूपाशी थांबलो असतो, पण किट उघडलंच आहे तर बाकीचंही ऐका. पॉलीकार्बोनेटचा बेस आणि सोबत निळं थ्रेडलॉकर (आटे सुटू नयेत म्हणून लावायचा द्रव), आणि पत्रकात सूचना : "प्रत्येक बोल्टला दोन थेंब." थ्रेडलॉकर धातूवर धातू असेल तिथे वापरतात. पॉलीकार्बोनेट आणि एबीएस या प्लास्टिकांना ते खातं. आवळलेल्या बोल्टखाली प्लास्टिक आधीच ताणात असतं, त्यावर न सुकलेला द्रव ओघळला की भोकाभोवती केसासारख्या चिरा पडतात. जुन्या, टाकाऊ शेलवर तुमच्या सूचनेबरहुकूम बेस बसवून पाहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी चारपैकी दोन भोकांना चिरा. फोटो पहिल्याच ईमेलला जोडले आहेत. चार नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेले, सहज सैल न होणारे) दिले असते तर थ्रेडलॉकरची बाटली द्यावीच लागली नसती, आणि ते स्वस्तही पडले असते.

भोकांचंही तसंच. बोल्ट एम-५, पत्रकात ड्रिल ८ मिमी आणि पिशवीतले वॉशर १० मिमी व्यासाचे. म्हणजे वॉशरला टेकायला भोकाभोवती १ मिमीची कड. पातळ कार्बन शेलमधून असा बोल्ट वॉशरसकट ओढून निघायला कितीसा जोर लागेल? भोक साडेपाचचं हवं. आधी मास्किंग टेप लावायची, ३ मिमीनं पायलट भोक मारायचं, शेलच्या आतून लाकडाचा ठोकळा धरायचा, मशीन हळू चालवायचं, नाहीतर आतल्या बाजूला कार्बनचे तंतू फाटून येतात. वॉशर किमान २० मिमीचे, स्टेनलेसचे. ॲल्युमिनियम कार्बनला लागून ठेवलं की घाम आणि ओल मिळून ते गंजवतात. कार्बनची भुकटी फुप्फुसात जाऊ नये म्हणून तोंडावर मास्क. यातलं एक अक्षर तुमच्या पत्रकात नाही. आहे ते असं : बोल्ट बाहेरून आत घाला आणि नट आतून लावा. म्हणजे बोल्टचं ८ मिमी टोक कवटीच्या दिशेनं! चपटं डोकं आत, त्यावर फोम, नट बाहेर, आणि जास्तीचं टोक कापून घासून गुळगुळीत. हे उलटं कोणी काढलं?

बेसचा बाक आणि शेलचा बाक जुळत नाही, पुढच्या बाजूला ४ मिमीची फट राहते. पॅराशूटच्या दोऱ्या किती बारीक असतात हे तुम्हाला सांगायला नको. अशा फटीत दोरी अडकली तर हेल्मेट एका हातानं, एका झटक्यात काढून टाकता आलं पाहिजे. त्यासाठीच हनुवटीच्या पट्ट्याला कटअवे, म्हणजे झटक्यात सोडायची सोय, असतो. खोक्यावर तो छापलेला आहे. खोक्यात नाही. विचारलं तर उत्तर आलं, "चित्र प्रातिनिधिक आहे." कॅमेरा स्क्रूनं बसतो, तो स्क्रू चुकीचा, दोरी अडकली तर कटअवे वाचवतो, तो नाही. मग ६,८५० रुपये नक्की कशाचे घेतलेत?

शिवाय पत्रकाच्या मागे "नवशिक्यांसाठीही उत्तम" अशी ओळ आहे. अमेरिकेतली स्कायडायव्हिंग संघटना, यूएसपीए, कॅमेरा डोक्यावर चढवण्याआधी किमान २०० उड्यांचा अनुभव असावा असं सांगते. ती ओळ आजच्या आज काढा. बाकी सगळ्याला वेळ लागला तरी चालेल, तिला नको.

आणि हो, स्क्रू. पुन्हा सांगतो, कारण तीन वेळा सांगूनही पोचलेलं नाही : पाव इंची, इंचाला वीस आटे, लांबी ३/८ इंच. असा स्क्रू ट्रायपॉडच्या प्लेटला असतो, नाशिकच्या कुठल्याही कॅमेऱ्याच्या दुकानात मिळतो. मी तो विकत आणू शकतो. आणणार नाही.

तुमचं जुनं, बाजूला बसणारं ॲल्युमिनियमचं ब्रॅकेट इथे अजून वापरात आहे. त्याला कॅमेरा वाऱ्यात फिरू नये म्हणून छोटी पिन होती, कडा गोल घासलेल्या होत्या, पिशवीत स्क्रू बरोबर असायचे आणि एक जास्तीचाही असायचा. ते बनवणारी माणसं कुठे गेली? नव्या प्लेटला पिनही नाही. एकाच स्क्रूवर कॅमेरा फिरला की रिंगसाइट (डोळ्यापुढचं नेम धरायचं कडं) एकीकडे आणि लेन्स दुसरीकडे.

आता मागणी. पंधरा दिवसांत पूर्ण पैसे परत, आणि हे किट घेतलेल्या प्रत्येक ग्राहकाला थ्रेडलॉकर, स्क्रू आणि नवशिक्यांबद्दलच्या त्या ओळीविषयी लेखी इशारा. नाहीतर आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर नोंद, मग ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार. ग्राहक राहतो तिथेच ती दाखल करता येते, तेव्हा तारखांना तुमच्या माणसांनाच नाशिकला यावं लागेल. वापराच्या पुरेशा सूचना आणि इशारे न देणं हाही त्याच कायद्याच्या कलम ८४ मध्ये उत्पादकाचा दोष धरला आहे. कोणी जखमी होण्याआधी ते वाचून ठेवा. खोक्यावर उत्पादनाचा महिना-वर्ष नाही, हा वेगळा अर्ज वैधमापन खात्याकडे जाईल.

किट तुमच्या खर्चानं घेऊन जा, खोकं बांधून तयार आहे. दोन्ही एम-६ स्क्रू आणि "पाव इंच" छापलेली ती पिशवी मात्र मिळणार नाही. ती आयोगापुढे ठेवायची आहेत, सोबत पिच गेज.

तूर्त तुमचाच ग्राहक,
इंदिरानगर, नाशिक